न खोकता दिलेला बिघाड

४ सप्टेंबर

दादा,

तुझं परिपत्रक वाचलं. सिम्युलेटर हॉलच्या दाराशेजारी, पाण्याच्या यंत्राच्या वर, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून डकवलंय. खाली तुझी सही. सही अजून बाबांसारखीच करतोस, शेवटच्या अक्षराची शेपटी ओढून. तेवढं सोडलं तर त्या कागदात आपल्या घरातलं काही नाही.

नियमाप्रमाणे मी तुला 'आदरणीय प्रशिक्षणप्रमुख' असं लिहायला हवं. तू वरच्या मजल्यावर गेलास तेव्हापासून तसंच लिहितेय. पण ऑफिसच्या कागदावर माणसाला नीट रागावता येत नाही, म्हणून हे घरच्या पत्त्यावर पाठवते. दादाला दादा म्हणता येईल आणि जे ऐकवायचं ते ऐकवताही येईल.

तू लिहितोस की नव्या विमानात स्वयंचलित नियंत्रण बंद पडण्याची 'शक्यता अत्यल्प' आहे, सबब त्या बिघाडाचा सिम्युलेटरमधला सराव रद्द. त्याऐवजी वैमानिकांनी टॅबलेटवर एक धडा वाचावा आणि शेवटचे दहा प्रश्न सोडवावेत. घरी बसून वाचला तरी चालेल. वा. पोहायलाही आता असंच शिकवू, पलंगावर पालथं पडून.

तुला मी काय सांगणार? पण वर्षानुवर्षं खुर्चीवरून सह्या केल्या की माणूस विसरतो, म्हणून सांगते. विमानाच्या नाकाजवळच्या, वेग मोजणाऱ्या नळ्यांमध्ये बर्फ साचतो. कॉम्प्युटरला वेग कळेनासा होतो. मग तो काय करतो? हात वर करतो. घंटा वाजतात, पडद्यावर लाल-पिवळ्या ओळी उतरतात आणि इतका वेळ स्वतः उडवत असलेलं विमान तो वैमानिकाच्या हातात टाकून मोकळा होतो. त्या क्षणी करायचं काय, तर जवळजवळ काहीच नाही. नाक आहे तिथे धरायचं, इंजिनाची ताकद ठरलेल्या आकड्यावर ठेवायची, घंटांकडे दुर्लक्ष करायचं. विमान उडत राहतं. काही मिनिटांत बर्फ वितळतो. संपलं.

धड्यात हे सगळं बरोबर लिहिलंय. मी वाचला. चित्रंसुद्धा छान आहेत. पण घाबरलेल्या माणसाचे हात काही न करता राहत नाहीत, दादा. ते विमान वळवायचा दांडा मागे ओढतात. नाक वर जातं, पंखांवरची हवा सुटते आणि चांगलं धडधाकट विमान दगडासारखं खाली यायला लागतं. हातांना वाचता येत नाही. त्यांना त्या खोलीत बसवून, घाबरवूनच शिकवावं लागतं.

नवी विमानं भराभर येतायत, सिम्युलेटरचे तास पुरत नाहीत, मग कुठेतरी कात्री लावायची. ती तू सगळ्यात सोप्या जागी लावलीस, कारण हा बिघाड अजून आपल्याकडे कुणाला झालेला नाही. घराला आग लागली नाही म्हणून कुणी पाण्याचा नळ काढून टाकत नाही.

लोक म्हणतील, खुर्ची दादाला मिळाली म्हणून बाई जळते. म्हणू देत. थोडी जळतेही. पण म्हणून मी चुकीची ठरत नाही.

उत्तर पाठव.

तुझी धाकटी


१२ सप्टेंबर

दादा,

उत्तर आलं, पण तुझं नाही, तुझ्या साहाय्यकाचं. त्याने मोठ्या अदबीने कळवलंय की 'गेल्या तीन वर्षांत सदर सरावात एकही वैमानिक नापास झालेला नाही. अपवाद केवळ आपल्या सत्रांचा'. म्हणजे दोष माझ्यात. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्याने लिहिली नाही एवढंच.

त्या बिचाऱ्याला माहीत नसेल, पण तुला तर माहीत आहे की ते सगळे पास का होतात. ते खोकल्यावर पास होतात.

मास्तर आठवतात ना? आपल्या दोघांनाही ज्यांनी शिकवलं ते. त्यांच्या छातीत विड्यांचा धूर इतका साचलेला, की मागच्या खुर्चीवरून बिघाडाचं बटण दाबायला पुढे वाकले की त्यांना खोकला यायचाच. पोरं तो ओळखायला लागली. मास्तर खोकले की हात तयार. मास्तर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी बसलेल्यांनी विड्या न ओढताच तो खोकला उचलला. प्रेमाने, गंमत म्हणून. नंतर दयेपोटी. समोर बसलेला कॅप्टन आपल्याच वयाचा, त्याची दोन पोरं शाळेत, एक खोकला काढला तर आपलं काय जातं? आता हॉलमध्ये सगळेच खोकतात. कुणी घसा खाकरतो, कुणी पाण्याची बाटली ठेवतो. तुझा खोकला तर प्रसिद्धच होता. तुझ्याकडे परीक्षा लागली की पोरं फक्त पेढे वाटायचे बाकी ठेवायची.

मी खोकत नाही. म्हणून माझं नाव कैदाशीण. मला ठाऊक आहे, आणि ते नाव कुणी ठेवलं तेही ठाऊक आहे.

तुझं परिपत्रक आल्यानंतर माझ्या उरलेल्या सत्रांमध्ये मी बारा कॅप्टनांना तो बिघाड दिला. सगळ्यांनी तुझा धडा वाचलेला, दहापैकी दहा मार्क मिळवलेले. मी त्यांना शांत उडू दिलं. एकजण सुट्टीत कुठे जायचं ते सांगत होता. बोलता बोलता बटण दाबलं. बारापैकी आठांनी दांडा मागे ओढला. त्यातले सात जमिनीत गेले. आणि प्रत्येकाने, अगदी प्रत्येकाने, आधी एकच वाक्य म्हटलं: "हे काय करतंय आता?" आपण विमान उडवतोय हेच विसरले होते. ते त्याच्याकडे बघत होते.

बाहेर आल्यावर एक कॅप्टन मला म्हणाला, "मॅडम, हे काही बरोबर नाही. थोडी तरी कल्पना द्यायची."

मी म्हटलं, "कॅप्टन, वर कोण देणार?"

त्याने तक्रार केलीय. तुझ्या टेबलावर आली असेल. तिचा आदर कर, माणूस खरोखर घाबरला होता. फक्त ती नीट वाच.

धाकटी


२० सप्टेंबर

दादा,

मला रजेवर पाठवल्याचं पत्र तू स्वतः सही करून पाठवलंस, हे बरं केलंस. 'वैमानिकांच्या मनात अनावश्यक भीती निर्माण केल्यामुळे.' आवश्यक भीती किती ते कळवलं असतंस तर मापात दिली असती.

ओळखपत्र दारावरच्या रखवालदाराकडे जमा केलं. इतकी वर्षं रोज नमस्कार करणारा माणूस, त्याला कुठे बघावं कळेना. म्हणाला, "मॅडम, परत येताना माझ्याकडूनच घ्या." मी हो म्हटलं. तुझ्या माणसांना तुझ्यापेक्षा जास्त लाज आहे.

काल वहिनीचा फोन आला. तू करायला लावलास की तिने आपणहून केला, विचारलं नाही. म्हणाली, "वन्सं, तुमच्या दोघांच्या भांडणात पोरीला ओढू नका. एक नोव्हेंबरपासून तिचं नव्या विमानावर सुरू होतंय. तिचं मन थाऱ्यावर राहू दे."

मी तिला म्हटलं, "वहिनी, भांडण आमचं नाही, आणि पोरगी त्यात आधीपासून आहे. तीच तर त्या विमानात बसणार."

मग ती शेवटी म्हणाली, "हे म्हणतात काही होत नाही." तिला तुझ्यावर विश्वास ठेवायचा आहे, दादा. बाकी कुणावर ठेवणार ती? म्हणून मला तुझा जास्त राग येतो.

चिमणी तुझी मुलगी आहे. मी तिची आत्या, तिला पहिल्यांदा विमानात मी बसवलं, पण मुलगी तुझी. एक नोव्हेंबरला ती को-पायलट म्हणून त्या खुर्चीत बसेल, आणि तिच्याजवळ त्या बिघाडाबद्दल जे काही असेल ते तुझ्या त्या धड्यातलं. तू तिला असं कसं पाठवू शकतोस, हे मला समजत नाही. बाकीच्यांचं मी समजू शकते. परकी पोरं आकड्यात जातात. पण ही?

तिला न खोकणाऱ्या कुणाकडे तरी एकदा बसव. माझ्याकडे नको तर नको. आणि तिला जे देशील ते सगळ्यांना दे.

ती माझ्याकडे येत नाही. मीही बोलावलेलं नाही. वहिनीला तसं सांग, तिला बरं वाटेल.

पत्र इथेच थांबवते. खाली दारात स्कूटर उभी राहिली आहे, बघते कोण आलंय.

धाकटी


३ ऑक्टोबर

दादा,

झालं. समाधान?

'अचानक आलेल्या वादळी हवेमुळे विमानाने काही काळ उंची गमावली. वैमानिकांनी कौशल्याने परिस्थिती हाताळली.' मी तुमचं निवेदन दोनदा वाचलं. पुढची ओळ तर तिसऱ्यांदा वाचली: 'एका केबिन कर्मचाऱ्याने पट्टा न लावल्यामुळे तिला दुखापत झाली.'

त्या विमानातला को-पायलट माझा विद्यार्थी. त्याने कुणालाही बोलू नये अशी ताकीद असणार, तरी त्याने मला फोन केला.  म्हणाला, "मॅडम, वादळ नव्हतं. साधा ढग होता. घंटा वाजल्या. कॅप्टननी ओढलं. मीही ओढलं असेल, मला आठवत नाही." मग म्हणाला, "मॅडम, कुणी खोकलंच नाही."

तो हसला नाही, मीही हसले नाही.

ते वाचले कारण वर उंची भरपूर होती आणि खाली येता येता ढगातून बाहेर पडल्यावर कॅप्टनला जमीन दिसली. कौशल्य कसलं? डोळ्यांना दिसलं तेव्हा हात शहाणे झाले. समुद्रावर रात्र असती तर आज तुम्ही वेगळं निवेदन लिहीत बसला असता.

आणि ती केबिनमधली पोरगी. ती मागच्या बाजूला पाण्याचा ट्रे घेऊन उभी होती, कारण पट्ट्याचा दिवा लागलेलाच नव्हता. वादळ असतं तर दिवा आधी लावला असता ना? दिवा नाही, घोषणा नाही. विमान पायाखालून निघून गेलं, ती छताला आपटली आणि मग खाली. पाठीचा मणका. मी इस्पितळात जाऊन आले. तिला हलता येत नाही, छताकडे बघत पडून असते. मला म्हणाली, "मॅडम, मी पट्टा लावायला हवा होता का? सगळे तसं म्हणतायत. मला दिवा दिसला नाही. लागला असेल कदाचित." तिची आई शेजारी बसलेली. आई म्हणाली, "ही लहानपणापासून वेंधळीच."

माझ्या अंगाची लाही लाही झाली, दादा. एवढ्या मोठ्या कंपनीला चूक ठेवायला जागा सापडली ती त्या मुलीच्या मोडलेल्या पाठीवर.

चौकशी समितीने मला बोलावलं तर मी सगळं सांगणार आहे. नाही बोलावलं तरी जाणार आहे.


१६ ऑक्टोबर

दादा,

तुझं पहिलं हाताने लिहिलेलं पत्र. अक्षर बिघडलंय तुझं. लिहितोस की नव्या को-पायलटांच्या तुकडीला तो सराव द्यायची परवानगी मिळवलीस, तेव्हा आता मी गप्प बसावं आणि चिमणीच्या डोक्यात काही भरवू नये.

नव्या तुकडीला. म्हणजे जिच्यात चिमणी आहे तेवढ्याच तुकडीला. बाकी सगळे कॅप्टन, जुने को-पायलट, त्यांना टॅबलेट. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. निदान आता तुला माहीत आहे हे तरी कबूल केलंस. नुसतं चुकला असतास तर समजून घेतलं असतं. कळूनसवरून आपल्या पोरीपुरतंच छप्पर घातलंस, याला काय म्हणू?

आणि डोक्यात भरवण्याचं म्हणशील तर उशीर झालाय. चिमणी महिनाभर माझ्याकडे येतेय. वीस सप्टेंबरच्या पत्रात खोटं लिहिलं. ती दाराशी उभी राहिलेली स्कूटर तिचीच होती.

गावाबाहेरच्या एका खासगी वैमानिक-प्रशिक्षण शाळेत मी सध्या सिम्युलेटरवर शिकवते. परवा दुपारी यंत्र मोकळं होतं, तिला बसवलं. तिने केस वर बांधले, खुर्ची पुढे घेतली, लहानपणी सायकलवर बसायची तशी पाठ ताठ. मी तिला तिच्या मैत्रिणीच्या लग्नाबद्दल विचारलं. ती सांगायला लागली आणि मी बटण दाबलं.

तिने ओढलं, दादा. तुझी मुलगी, माझी भाची, टॅबलेटवर पैकीच्या पैकी. तिने ओढलं आणि म्हणाली, "आत्या, हे काय करतंय?" आणि आम्ही जमिनीत गेलो. पडदा लाल झाला. मी मागे बसून तिची मान बघत होते. मला तुला तिथे, त्या खोलीत, मानगुटीला धरून उभं करायचं होतं.

तिने डोळे पुसले नाहीत. म्हणाली, "परत." दुसऱ्यांदाही गेलो. मधे मी तिला तासभर साधं उडवायला लावलं, इकडतिकडच्या गप्पा मारल्या, तिला वाटलं संपलं. मग दिलं. यावेळी नाक जागेवर राहिलं. घंटा वाजत राहिल्या आणि तिने त्या वाजू दिल्या. हळू आवाजात आकडे म्हणत राहिली. नळ्या मोकळ्या झाल्या, वेग परत आला, आणि ती मोठ्याने रडली.

मला वाटलं, सुटले. आता ही सुरक्षित. खरं सांगते, त्या क्षणी मीही तुझ्यासारखीच होते. बाकीच्यांचं पुढे बघू.

चहा पिताना तीच म्हणाली, "आत्या, मी ओढणार नाही दांडा. पण माझ्या शेजारी कोण बसणार?"

मी कप खाली ठेवला.

"कॅप्टन तो असणार. विमान त्याचं असणार. त्याने ओढलं तर मी काय करू, त्याच्या हातावर मारू?"

तिने ठरवलंय. सगळ्यांचा सराव होईपर्यंत ती त्या विमानात बसणार नाही. एक तारखेला गणवेश घालून येईल आणि तुझ्या दारात उभी राहील. नोकरी जाईल हे तिला माहीत आहे. मी तिला हे शिकवलेलं नाही. शिकवलं असतं तर अभिमानाने सांगितलं असतं.

तिला काढायचं तर सही तुलाच करावी लागेल. शेपटी नीट ओढ.


३१ ऑक्टोबर

दादा,

काल दुपारी तू आलास. शाळेच्या फाटकात तुझी गाडी बघितली तेव्हा वाटलं, चिमणीला न्यायला आला असशील, आणि मी भांडायच्या तयारीत बाहेर आले. तू कोट काढून हातात धरला होतास. म्हणालास, "यंत्र मोकळं आहे?"

तू न थांबता निघून गेलास, म्हणून मला लिहावं लागतंय. तुझ्याशी समोरासमोर बोलणं मला अजून जमत नाही.

डाव्या खुर्चीत तू, उजवीकडे चिमणी, मागे मी. तुला येणार काय ते माहीत होतं, फक्त केव्हा ते माहीत नव्हतं. मी खूप वेळ लावला. तुझे खांदे सैल व्हायची वाट पाहिली. चिमणीने तुला विचारलं, "बाबा, आईला सांगून आलात का?" तू तिच्याकडे वळलास, तेव्हा दिलं.

इतकी वर्षं उडवलेला माणूस तू, आणि तू ओढलंस. तिने म्हटलं, "बाबा, धरा, नुसतं धरा." तुला ऐकू आलं नाही. मी समोरचा उंचीचा आकडा खाली पळताना बघत होते आणि माझ्याने यंत्र थांबवलं गेलं नाही. सूड म्हण हवं तर. पण एक बघायचं होतं, तुझ्या मुलीचा आवाज तुझ्यापर्यंत पोहोचतो का. नाही पोहोचला.

पडदा लाल झाल्यावर तू मागे न बघता म्हणालास, "परत लाव."

पाचव्या वेळेला जमलं तुला. ती हात मांडीवर ठेवून बसली होती. तू खाली उतरलास, कोट घातलास, गुंड्या चुकीच्या लावल्यास आणि निघून गेलास. चिमणीने तुझ्या मागे जायला पाऊल उचललं, मी तिला अडवलं.

तुझं कौतुक करायला हे लिहीत नाही. परिपत्रक अजून त्या भिंतीवर आहे. उद्या एक तारीख. चिमणी गणवेशाला इस्त्री करतेय.


१ नोव्हेंबर

दादा,

तू सापडत नव्हतास म्हणून सकाळी वेळापत्रकाच्या विभागातून मला फोन आला. तिथली मुलगी गोंधळलेली होती. म्हणाली, "मॅडम, साहेबांनी नव्या विमानावरची सगळीच नावं काढली. सगळीच. कॅप्टन, को-पायलट, सगळे. खाली लिहिलंय, सरावाशिवाय कुणीही नाही. विमानं उभी आहेत. वरचे लोक ओरडतायत. आम्ही काय करू?"

मी म्हटलं, "साहेबांची सही आहे ना? मग तेच करा."

चिमणी तुझ्या दारात पोहोचली तेव्हा तू तिथे नव्हतास. तुला मालकांनी बोलावलं होतं म्हणे. ती बराच वेळ उभी राहिली आणि मग हॉलमध्ये गेली, पहिल्या सत्राला कुणी बसतंय का बघायला. तिने मला कळवलं की कॅप्टन लोक रांगेत उभे होते, चिडलेले, पण उभे होते.

तुझी खुर्ची जाईल. बहुतेक संध्याकाळपर्यंत. मला वाईट वाटतंय आणि नाहीही. हे तुला पहिल्याच पत्राच्या वेळी करता आलं असतं. तेव्हा केलं असतंस तर एक मुलगी आज चालत असती. हे मी विसरणार नाही आणि तुलाही विसरू देणार नाही, कितीही चांगला वागलास तरी.

तू आज माझ्याकडे येशील हे मला माहीत आहे, कारण दुसरीकडे जायला तुला तोंड उरलेलं नाही. वहिनीलाही अजून काही सांगितलेलं नसशील. ये. जेवायला थांब.

पण आधी इस्पितळात जा. ती जागी असते. तिच्या आईला खुर्चीत बसव, तू उभा राहा, आणि दोघींना ऐकू जाईल असं सांग की वादळ नव्हतं, पट्ट्याचा दिवा लागलेला नव्हता, आणि तिची काहीही चूक नव्हती. चूक कुणाची होती, तेही सांग.

ते सांगून झालं की ये.

तुझी धाकटी